उलटीत गेलेली गोळी : खाजेची औषधं सुरू केल्यानंतरचे नऊ आठवडे

लॅब्राडॉर, पिवळा, नर, नसबंदी झालेला, वय साडेचार वर्षं, वजन ३० किलो. घर पुण्यात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्याला ब्रूनो म्हणू. हा कोणी एक कुत्रा नाही. पावसाळ्यात दवाखान्यांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकाच कुत्र्याच्या अंगावर रचून हे प्रकरण मांडलं आहे. औषधांचे डोस मात्र नेहमीच्या वापरातले आहेत. ते ३० किलोच्या कुत्र्याचे आहेत, आपल्या कुत्र्याला तसेच्या तसे लावू नयेत.

तक्रार सलग तिसऱ्या पावसाळ्यातली. चाटून चाटून पंजे तांबूस झालेले, काखा आणि पोट लालबुंद, डाव्या कानाला आंबूस वास, पोटावर पिवळट पुटकुळ्या आणि गोल खपल्या. रात्री त्याच्या खाजवण्याने पलंग हलायचा. खाज दहापैकी किती, असं विचारल्यावर घरच्यांनी आठ सांगितली. निरोगी कुत्राही दिवसभरात थोडंफार खाजवतोच, त्याचे एक-दोन गुण धरायचे. घरच्यांचा संशय सोसायटीमागच्या गाजरगवतावर होता. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५०च्या दशकात, त्यामुळे त्याला दोष देण्याची सवय शहरात जुनी आहे. पण जूनमध्ये वाढणाऱ्या खाजेला घरातली ओल, धुळीतले सूक्ष्म किडे, पिसवा आणि त्वचेवर माजणारं यीस्टही तितकंच कारण असतं. तपासणीत पट्ट्याखाली एक गोचीड सापडली. ती काढून टाकली आणि विषय तिथेच संपला. तो संपायला नको होता.

शुक्रवारी संध्याकाळी लिहून दिलेली औषधं अशी : प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिलिग्रॅम दिवसातून एकदा पाच दिवस, मग १० मिलिग्रॅम पाच दिवस, मग १० मिलिग्रॅम एक दिवसाआड तीन वेळा. पोटावरच्या संसर्गासाठी सेफॅलेक्सिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पिसवा-गोचिडांसाठी फ्लुरालानेरची १००० मिलिग्रॅमची चघळायची गोळी, एकदाच, बारा आठवड्यांसाठी. कानात थेंब. सुरू करण्याआधी रक्ताची साधी तपासणी करून घ्या, असंही सांगितलं होतं. कुत्रा खातोय-पितोय, मग सुया कशाला, म्हणून ती पुढे ढकलली गेली.

चिठ्ठीत चूक काही नव्हती. वेळांचं मात्र कोणी नीट सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

पहिली रात्र

दवाखान्यातून घरी यायला साडेआठ वाजले. गाडीतून आलेला ब्रूनो जेवणाकडे बघेना. ‘औषध तर आजच सुरू करायचंय’ म्हणून नऊ वाजता तिन्ही गोळ्या पनीरच्या एका तुकड्यात गुंडाळून दिल्या. साडेदहाच्या सुमारास तो बाल्कनीत ओकला. तोवर घरचे झोपले होते. सकाळी कामाला आलेल्या मावशींनी पिवळं पाणी आणि एक तपकिरी, रबरासारखा गोळा फडक्याने उचलला आणि फरशी पुसून घेतली.

शनिवारी पाण्याचं भांडं तीनदा रिकामं झालं. बाथरूममधल्या बादलीत त्याने तोंड घातलं. चार वर्षांत कधी घरात शू न केलेल्या कुत्र्याने पहाटे हॉलमध्ये दोनदा केली आणि स्वतःच अपराध्यासारखा सोफ्यामागे जाऊन बसला. धापा टाकत होता, पंखा चालू असतानाही. जेवण संपवून ओट्याशी उभा राहिला आणि कणकेचा गोळा पळवला. रात्री पुन्हा सेफॅलेक्सिन रिकाम्या पोटी गेलं आणि पुन्हा उलटी झाली, या वेळी नुसता पांढरा फेस. रविवारी दवाखाना बंद. आजींनी निर्णय दिला, ‘हे औषध त्याला सोसत नाहीये, बंद करा सगळं.’ सगळं बंद झालं.

इथे थांबून त्या दोन दिवसांत काय कशामुळे झालं ते वेगळं करून बघायला हवं. तीन औषधं एकाच घासात गेली, पण तिघांच्या त्रासांची वेळ वेगळी असते. चघळायच्या गोळीमुळे उलटी व्हायची असेल तर बहुतेकदा पहिल्या काही तासांत होते. हे औषध जेवणाबरोबरच द्यायचं असतं, ते रिकाम्या पोटी गेलं. सेफॅलेक्सिन पोटाला जाचतं ते डोसाच्या आसपास, आणि पोट रिकामं असेल तर प्रत्येक डोसाला जाचतं. प्रेडनिसोलोनची तहान, भूक, धाप आणि लघवी यांपैकी काहीही उलटीसारखं अचानक येत नाही. ते साधारण एका दिवसात चढतं आणि गोळी चालू असेपर्यंत राहतं. म्हणजे शुक्रवारची उलटी, शनिवार रात्रीची उलटी आणि हॉलमधली शू हे तीन वेगवेगळे प्रकार होते. घरात मात्र त्यांना ‘साइड इफेक्ट’ हे एकच नाव मिळालं आणि उपायही एकच झाला.

प्रेडनिसोलोनमुळे होणाऱ्या लघवीबद्दल थोडं. मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं जे संप्रेरक असतं, त्याच्या कामात स्टेरॉइड आडवं येतं. लघवी आधी पातळ आणि जास्त होते, तहान तिच्या मागून लागते. म्हणून ‘फार पितोय, भांडं उचलून ठेवा’ हा उपाय घातक आहे. शू कमी होत नाही, कुत्र्याच्या अंगातलं पाणी मात्र घटतं. भांडं भरलेलं ठेवायचं, आणि शेवटची चक्कर रात्री अकराला मारायची.

सोमवारचा फोन

‘डॉक्टर, अहो हा रात्रंदिवस पाणीच पितोय, घरभर शू करतोय. आम्ही काल सगळं बंद केलं.’

‘काकू, बंद केलंत त्याचं बघू. आधी सांगा, उलटी गोळीनंतर किती वेळाने झाली? आणि उलटीत काय होतं?’

‘जेवणच असेल हो. मावशींनी पुसून टाकलं.’

‘जेवलाच नव्हता म्हणालात ना?’

इथे फोनवर कोणाचा तरी दुसरा कॉल आला आणि तो धागा सुटला. या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. कुत्र्याने उलटी केली की तिचा मोबाइलवर फोटो काढावा आणि आत गोळी, गोळीचा तुकडा किंवा चघळायच्या गोळीसारखा गोळा दिसतो का ते काडीने बघावं. किळसवाणं आहे, पण डॉक्टरांना त्या फोटोतून जे कळतं ते वर्णनातून कळत नाही. गोळी बाहेर पडलेली दिसली तरी दुसरी लगेच आपल्या मनाने द्यायची नाही. किती वेळाने पडली हे सांगून विचारायचं.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं की घरात दुसरं कोणतं औषध दिलं जातंय का. देत नव्हते, पण फ्रीजवर मेलोक्सिकॅमची अर्धी बाटली होती, मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हाची, आणि ‘अंग दुखत असेल’ म्हणून ती द्यायचं घरात बोलणं झालं होतं. प्रेडनिसोलोनबरोबर मेलोक्सिकॅम किंवा तसलं कोणतंही वेदनाशामक दिलं की जठराला आणि आतड्याला व्रण पडायचा धोका एकदम वाढतो. पहिली खूण काळी, डांबरासारखी चिकट शी किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण. तसं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लोहाचं टॉनिक चालू असेल तरी शी काळी होते, ते आठवून सांगावं. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या हा आणखी एक सापळा. कुत्र्याला सिटिरिझिन चालतं हे खरं, किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम. पण मेडिकलमध्ये ‘सर्दीची सिटिरिझिन’ मागितली तर हातात बहुतेकदा पॅरासिटॅमॉल आणि फिनाइलेफ्रीन मिसळलेली गोळी पडते, आणि ती कुत्र्याला द्यायची नसते. पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल, म्हणजे कुत्र्याला विषारी असलेलं गोड द्रव्य, नाही ना, हे लेबलवर वाचावं.

सोमवारी ठरलं ते असं. प्रेडनिसोलोन त्याच दिवशी पुन्हा सुरू, पण सकाळी आठला, पोटभर नाश्त्यानंतर. गोळी सकाळी दिली तर सगळ्यात जास्त लघवीचे तास दिवसा येतात, कुत्र्याला खाली न्यायला माणूस जागा असतो. सेफॅलेक्सिन चोवीस तासांनी, मंगळवारी सकाळी, तेही अर्धं जेवण झाल्यावर गोळी आणि मग उरलेलं अर्धं जेवण. एक औषध परत आणलं की दुसऱ्याआधी एक पूर्ण दिवस. उलटी पुन्हा झाली नाही. म्हणजे सेफॅलेक्सिन ‘सोसत नव्हतं’ असं नव्हतंच, ते रिकाम्या पोटी सोसत नव्हतं. दोन दिवसांनी बंद केलेल्या प्रेडनिसोलोनचं नुकसान खाज उसळण्यापलीकडे झालं नाही. हेच दोन-तीन आठवडे रोज दिल्यावर एकदम बंद केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देते, आणि गोळी अचानक थांबली की कुत्रा गळून जातो, ओकतो, कधी कोसळतो. चिठ्ठीत २०, मग १०, मग एक दिवसाआड असं उतरतं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

पाणी मोजणं

‘खूप पाणी पितो’ याचा काही उपयोग नाही, आकडा लागतो. बाथरूमचं दार लावून घ्यायचं, बादल्या उचलायच्या, भांडं एकच ठेवायचं. सकाळी सातला एक लिटरच्या बाटलीने मोजून भरायचं, दिवसभर जितक्या बाटल्या ओतल्या त्या दारामागच्या कागदावर मांडायच्या, दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं वजा करायचं. किलोमागे चोवीस तासांत ५०-६० मिलिलिटरपर्यंत नेहमीचं, १०० च्या वर नक्कीच जास्त. ३० किलोला ही रेघ तीन लिटरवर येते. ओलं जेवण, दही-भात, ताक देत असाल तर भांड्यातलं पाणी कमी दिसतं, ते लक्षात घ्यायचं.

ब्रूनोने २० मिलिग्रॅमवर ३.४ लिटर प्यायलं. १० मिलिग्रॅमवर आल्यावर २.१. गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी १.५. डोस उतरला तसा आकडा उतरला, याचा अर्थ तहान औषधाची होती. डोस उतरूनही आकडा तीन लिटरच्या खाली आला नसता तर लघवी तपासून साखर आणि संसर्ग बघावा लागला असता.

भूकही याच चालीने जाते, पण तिचं वजन काट्यावर उरतं. स्टेरॉइड चालू असताना जेवणाचं माप वाढवायचं नाही. मागितलं तर काकडी, दुधी, गाजर. धाप लागते ती बहुतेक निरुपद्रवी, फक्त हिरड्या गुलाबी आहेत ना ते बघायचं. स्वभाव मात्र घरात नीट सांगून ठेवावा. काही कुत्री स्टेरॉइडवर चिडचिडी होतात, जेवणाच्या भांड्याजवळ गुरगुरतात. घरात रांगतं मूल असेल तर हा साइड इफेक्ट तहानेपेक्षा मोठा.

दुसरं औषध

पंधराव्या दिवशी प्रेडनिसोलोनचा शेवटचा डोस गेला. पुटकुळ्या सुकल्या होत्या, कानाचा वास गेला होता, खाज तीनवर आली होती. सतराव्या दिवशी ती सहावर गेली. पावसाळा अजून दोन महिने होता आणि तितके दिवस स्टेरॉइड चालवणं कोणालाच नको होतं. म्हणून ओक्लासिटिनिब सुरू झालं, अपोक्वेल या नावाने ते लोकांना माहीत आहे. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. खाजेचा निरोप पोचवणाऱ्या ज्या रसायनांचा मार्ग जेएके नावाच्या विकरांमधून जातो, तो मार्ग हे औषध अडवतं. स्टेरॉइडसारखी तहान-भूक सहसा होत नाही. मात्र त्याच मार्गाचा काही भाग प्रतिकारशक्तीच्या कामाचाही असतो. म्हणून एक वर्षाखालच्या पिल्लाला ते देत नाहीत, आणि गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यालाही देत नाहीत.

डोस किलोमागे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम. ३० किलोला १६ मिलिग्रॅमची एक गोळी, चौदा दिवस दोनदा, नंतर एकदा. जेवणाबरोबर दिली काय, जेवणाशिवाय दिली काय, चालते. पण आधी उलट्या झालेल्या कुत्र्याला जेवणाबरोबरच द्यावी.

अठराव्या दिवशी ब्रूनो रात्री दहाला झोपला तो सहाला उठला. घरात काळजी पसरली, ‘गोळीने गुंगी आली.’ ही गुंगी नव्हती. दोन महिने रात्री अर्ध्या तासाला उठून खाजवणारा कुत्रा पहिल्यांदा सलग झोपला होता. या औषधाने खाज पहिल्याच दिवशी कमी होऊ लागते. त्यामुळे झोपेची थकबाकी आणि औषधाची सुस्ती एकाच दिवशी दिसतात आणि एकमेकींसारखी दिसतात. फरक पट्ट्याच्या आवाजाने कळतो. पट्टा हलवला, जेवणाचा डबा वाजला की झोपेतला कुत्रा उठून येतो. सुस्त कुत्रा शेपूट हलवतो पण उठत नाही. आजारी कुत्रा तेही करत नाही.

एकोणिसाव्या दिवशी तीनदा पातळ शी झाली. रक्त नाही, उलटी नाही, जेवण व्यवस्थित. ओक्लासिटिनिब सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात हे होऊ शकतं. गोळी चालू ठेवली, दोन दिवस मऊ भात आणि उकडलेलं चिकन, तेल-मीठ-मसाला नाही, जेवण चार वेळा थोडं थोडं. एकविसाव्या दिवशी शी बांधून आली. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त जुलाब, शीमध्ये रक्त, किंवा उलटी आणि जुलाब दोन्ही एकदम सुरू झाले असते तर गोळी थांबवून दवाखाना गाठायचा होता.

पंचविसावा दिवस

पंचविसाव्या दिवशी ब्रूनोने जेवण सोडलं. दिवसभर पडून होता. घरच्यांकडे आता अनुभव होता : प्रेडनिसोलोनला घाबरून गोळ्या बंद केल्या होत्या आणि ते चुकलं होतं, झोपेला घाबरले होते तेही चुकलं होतं. म्हणून यावेळी ते घाबरले नाहीत. ‘औषधाची सुस्ती आहे, उतरेल.’ संध्याकाळची गोळी चीजमध्ये घालून दिली. पहिल्या वेळी औषधाला नाहक दोष दिला गेला, या वेळी आजाराचा दोष औषधावर टाकून आजार झाकला गेला. दवाखान्यांत दुसरी चूक पहिलीपेक्षा कमी दिसते, पण दिसते तेव्हा जास्त नुकसान करते.

वेळापत्रक बघितलं असतं तर शंका आली असती. ओक्लासिटिनिब नवव्या दिवसात होतं. त्याच्यामुळे सुस्ती यायची तर साधारण पहिल्या काही दिवसांत यायला हवी. आठ दिवस उत्साही राहून, जुलाबातून बरा होऊन नवव्या दिवशी अचानक पडणं हे त्याच्या चालीत बसत नाही.

सव्विसाव्या दिवशी ताप मोजला. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, गुदद्वारात दोन-तीन सेंटीमीटर, बीप होईपर्यंत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, माणसाचं ९८.६ डोक्यात ठेवून बघितलं तर निरोगी कुत्र्यालाही ताप आहे असं वाटेल. ब्रूनोला १०४.४ होता. नाकाला हात लावून ताप कळत नाही, नाक गरम असो की कोरडं. हिरड्या फिकट होत्या. पोटाच्या उघड्या कातडीवर मोहरीच्या दाण्यासारखे लाल ठिपके होते, खाजेच्या पुरळासारखे वाटणारे. खाजेचा लाल डाग बोटाने दाबला की क्षणभर पांढरा पडतो. हे ठिपके दाबूनही लालच राहिले, म्हणजे कातडीखाली रक्त झिरपत होतं. आणि कानाच्या पाळीच्या घडीत दोन गोचिडी होत्या, पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये एक, फुगलेली.

प्लेटलेट ३८,०००. कुत्र्यात दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असायला हव्यात. यंत्र कधीकधी प्लेटलेटचे गठ्ठे मोजत नाही आणि आकडा खोटा कमी दाखवतो, म्हणून काचेवर रक्ताचा थर पसरून हाताने मोजणी केली. आकडा खरा निघाला. हिमोग्लोबिन ९.८. पांढऱ्या पेशीही कमी होत्या, आणि इथे आधी न केलेली तपासणी आडवी आली. ओक्लासिटिनिबनेही पांढऱ्या पेशी काही प्रमाणात खाली येतात. सुरुवातीचा आकडा हातात असता तर औषधाचा वाटा किती आणि आजाराचा किती हे सांगता आलं असतं. प्लेटलेटबद्दल मात्र शंका नव्हती, औषधाने त्या एवढ्या खाली जात नाहीत. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूची जलद चाचणी पॉझिटिव्ह आली. काचेवर जंतू दिसले नाहीत, बहुतेकदा दिसत नाहीतच. गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, बबेसिया, तोही बघितला, नव्हता.

मग प्रश्न आला, फ्लुरालानेरची बारा आठवड्यांची गोळी दिलेली असताना चौथ्या आठवड्यात फुगलेल्या गोचिडी कशा? घरात विचारपूस झाली तेव्हा मावशींना तो तपकिरी रबरासारखा गोळा आठवला. गोळी बाल्कनीत पडली होती, दीड तासात, जवळजवळ अख्खी. गोचीड चावल्यापासून एर्लिकियाचा आजार दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. चोवीस दिवस कुत्रा पावसाळी गवतात उघड्याने फिरत होता आणि कागदावर त्याला संरक्षण होतं. पहिल्या रात्रीच्या उलटीचा खरा तोटा हा होता. त्यावर आधी स्टेरॉइड, मग ओक्लासिटिनिब, दोन्ही संसर्गाला मोकळं रान देणारी.

मधले चार आठवडे

ओक्लासिटिनिब त्याच दिवशी थांबलं. ते एकदम बंद करता येतं, स्टेरॉइडसारखं उतरवावं लागत नाही, फक्त खाज परत येते. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, दिवसाला ३०० मिलिग्रॅम, विभागून, अठ्ठावीस दिवस. याचाही स्वतःचा त्रास आहे. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून जेवणात द्यायची आणि वरून सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने पाच-दहा मिलिलिटर पाणी, हळूहळू. दूध, दही, पनीर, कॅल्शियमचं सिरप आणि लोहाचं टॉनिक यांच्याबरोबर दिली की ती पुरती शोषली जात नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. इतके दिवस पनीर आणि चीज हीच गोळ्या लपवायची जागा होती, ती बदलून उकडलेल्या रताळ्यात आणली. ताप ४८ तासांत उतरला. ताप उतरला म्हणून डॉक्सिसायक्लिन आठ दिवसांत सोडून देणारी घरं पुष्कळ आहेत. जंतू दबून राहतो आणि महिन्यांनी वर येतो.

प्लेटलेट कमी असेपर्यंत नखं कापायची नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी दंगा नाही, स्नायूत इंजेक्शन शक्यतो नाही. तिसाव्या दिवशी भूक परत आल्यावर फ्लुरालानेरची नवी गोळी दिली, पूर्ण जेवणानंतर, आणि दोन तास एक जण त्याच्याजवळ बसून राहिला. या गटातल्या औषधांमुळे क्वचित थरथर, तोल जाणं आणि झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये तशी सूचना काढली होती. आधी झटके आलेला कुत्रा असेल तर हे आधी सांगावं. ब्रूनोला तसं काही नव्हतं.

खाजेचं काय? या काळात प्रतिकारशक्तीला हात न लावता जेवढं करता येतं तेवढं केलं. आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू, फेस करून घड्याळ लावून दहा मिनिटं, मग धुणं आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करणं. दहा मिनिटं न थांबता धुतला तर शाम्पूचा पैसा नाल्यात. बाहेरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुणं. सिटिरिझिन ३० मिलिग्रॅम रोज, त्याने खाज जेमतेम एक गुण कमी झाली. अॅटोपी, म्हणजे अॅलर्जीची खाज, असलेल्या कुत्र्यांत सिटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिनकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. एवढ्यावर खाज पाचवर टिकली.

चाळिसाव्या दिवशी प्लेटलेट १,८५,०००, चोपन्नाव्या दिवशी २,६०,०००, हिमोग्लोबिन १३.१.

पुन्हा सुरुवात

छप्पन्नाव्या दिवशी ओक्लासिटिनिब पुन्हा सुरू झालं. या वेळी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे आधी कागदावर होते. खाज मध्यम होती आणि नुकताच संसर्ग होऊन गेलेला, म्हणून डॉक्टरांनी दिवसातून एकदाच दिलं. दोन वेळा देऊन चौदा दिवसांनी एक वेळ करतात तेव्हा पंधराव्या-सोळाव्या दिवशी खाज थोडी उसळते आणि ‘औषध चालेनासं झालं’ असं वाटतं. तो डोस अर्धा झाल्याचा परिणाम असतो, सहसा काही दिवसांत बसतो.

पर्याय म्हणून सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं बोलणं झालं होतं. किलोमागे पाच मिलिग्रॅम, रोज, रिकाम्या पोटी. पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत उलटी इतकी सर्रास होते की पहिल्या दिवसांत ते जेवणाबरोबर देऊन नंतर रिकाम्या पोटावर आणतात. दीर्घकाळ दिल्यास हिरड्या वाढतात. आधीच उलटीने एवढं रामायण घडलेल्या घरात ते कोणाला नको वाटलं, आणि ते पटण्यासारखं होतं.

आता घरात शंभर पानी वही आहे. रोज एक ओळ : खाजेचा गुण, शी, उलटी, जेवण किती, गोळी किती वाजता. नवीन काही सुरू झालं, मग ते औषध असो, शाम्पू असो की नवं बिस्कीट, ते लाल पेनाने, आणि त्यानंतर सात दिवस दुसरं नवीन काही नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर वेगळं लिहिलंय : गोळीनंतर काही मिनिटांत किंवा तासांत तोंड-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरला किंवा कोसळला तर फोन करत बसायचं नाही, गाडीत घालायचा. खाजेचं औषधही अॅलर्जी आणू शकतं. खाली चोवीस तास चालणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि ‘वजन ३० किलो’.

नवव्या आठवड्यात आंघोळ घालताना उजव्या बरगडीवर एक मऊ, सरकणारी गाठ हाताला लागली. ओक्लासिटिनिबच्या माहितीपत्रकात नव्या गाठींचा उल्लेख आहे, त्यामुळे घरात पुन्हा तोच प्रश्न. औषध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि या वयाच्या लॅब्राडॉरला चरबीच्या गाठी औषधाशिवायही होतात. तारखांवरून अंदाज एका बाजूला झुकत होता. तरी सुई घालून पेशी काढल्या. चरबीच निघाली. भोवतीचे केस थोडे कापून पट्टीशेजारी धरून फोटो काढला, वहीत लिहिलं : उजवी बरगडी, १२ मिलिमीटर, मऊ, सरकते. पुढचं माप एक तारखेला.